आसराबाईची खंडी आणि पुष्पाबाईचं कपाट

माझ्या मोठ्या मायच्या आवाजाला माळ लागतो, खोलीत तो मावत नाही. मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आसराबाई. चाळीस वर्षं तिनं कुंभार पिंपळगावच्या शिवारात मेंढरं राखली. ओढ्यापलीकडं गेलेली मेंढी नुसत्या गळ्यावर माघारी आणायची, ही तिची ख्याती. आता मेंढरं राहिली नाहीत, गळा राहिला. घरात ती “मीठ दे” म्हणाली तरी गल्लीतली एखादी बाई दचकून आपल्या डब्याकडं बघते.

तिची नक्कल सोपी आहे. हनुवटी वर, डावा हात कानामागं, आणि पोटातून: “हेऽऽ खंडे, हुर्रर्र, माघारी फिर गंऽऽ.” मी हे केलं की आमच्याकडं सगळे पोट धरून हसतात, मोठे बाबा सोडून. मोठे बाबा म्हणजे तिचा नवरा, इंद्रभान. मूळ आवाज त्यांच्या कानात पन्नास वर्षं आहे, त्यांना नकलेचं काय कौतुक.

खंडी हे मांजराचं नाव. आमच्यात मेंढ्यांची मोजणी विसावर चालते, वीस मेंढ्या म्हणजे एक खंडी. तीन वर्षांपूर्वी मोठ्या मायचे गुडघे गेले आणि तिच्या मुलानं, गोरक्षनाथदादानं, कळप विकायला लावला. टेम्पो निघून गेल्यावर ती मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाड्याची जाळी गुंडाळायला गेली, तर जाळीत एक भुरकं पिल्लू पाय अडकून बसलेलं. तिनं ते सोडवलं, पदरात घेतलं आणि म्हणाली, “घ्या. सगळ्या खंड्या गेल्या, ही एक राह्यली.”

तेव्हापासून दुधावरची साय खंडीची. आधी ती साय कुणाची होती असं कुणी मला विचारलं नाही, पण माझी होती. असो. मोठ्या मायच्या हाताला जनावर लागतं, हे मला कळत होतं. कळप गेल्यावर पहिले आठ दिवस तिचा हात बाजेवर बसल्या बसल्या उगाच खाली जायचा, कुणाच्या तरी पाठीवर ठेवायला, आणि तिथं पाठ नसायची. मग तिथं खंडी आली.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मागच्या दिवाळीला दादानं नवं घर बांधलं. दादा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे, त्यानं मन लावून बांधलं. स्लॅब, फरशी, भिंतींना मोतिया रंग, दारांना चकचकीत कड्या. जुन्या घराचे पत्रे उतरले, आणि पत्र्याखालचं आढंही गेलं. त्या आढ्यावर खंडी राहायची. वरून सगळ्यांची टाळकी बघत पडलेली असायची, शेपूट तेवढी खाली लोंबायची. नव्या घरात बसायला उंच असं काही नव्हतंच. फ्रीज होता, पण त्यावर गोरक्षनाथदादानं प्लास्टिकची फुलं ठेवली होती.

पंधरा दिवसांत खंडी भिंत ओलांडून पुष्पाबाईंकडं जायला लागली.

आता पुष्पाबाईंचं सांगते. त्या आमच्या शेजारी, भिंतीला भिंत. घर शेतकऱ्याचं, नवरा भुजंगराव दिवसभर शेतात, आणि पुष्पाबाई पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवतात. त्यांची नक्कल करायला मला कधी जमलं नाही, कारण त्यांच्या तोंडात कायम चार-पाच टाचण्या. त्यांचं बोलणं म्हणजे “हूं”, “उंहूं” आणि “हूं?”. पहिला हूं म्हणजे हो, दुसरा म्हणजे नाही, तिसरा म्हणजे बाह्या किती लांब. बाकी आवाज सगळा मशीनचा: खर्रर्र, टक. खर्रर्र, टक. खोलीत भिंतीला एक जुनं शिसवी कपाट, त्याच्यावर चिंध्यांची गाठोडी छतापर्यंत. त्या गाठोड्यांत खंडीनं खळगा केला आणि झोपायला लागली.

मोठ्या मायला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. भाकरी परातीतच राहिली.

“किती येळ असती तिथं?” तिनं मला विचारलं.

“दुपारभर.”

“दूध देती का ती बाई?”

“न्हाई.”

“भाकर?”

“न्हाई गं.”

“मंग हात फिरवीत असंल अंगावरून. बोलत असंल गोड गोड.”

“तोंडात टाचण्या असत्यात, मोठी माय. बोलंल कशी?”

“मंग करती काय ती?”

“ब्लाऊज शिवती.”

मोठी माय माझ्याकडं बघतच राहिली. पुष्पाबाई खंडीला मटणाचे तुकडे घालतात असं मी सांगितलं असतं तर तिनं दुप्पट घातले असते. काहीच न करणाऱ्या बाईशी कसली बरोबरी करायची, हे तिला समजेना. दुसऱ्या दिवसापासून ती अंगणात घमेलं पालथं घालून त्यावर उभी राहायला लागली, भिंतीवरून फक्त डोळे वर. पुष्पाबाईंच्या खिडकीतून कपाटाचा वरचा कोपरा दिसतो, तेवढाच. तेवढ्यात शेपूट दिसली की ती खाली उतरून येऊन मोठ्या बाबांना सांगायची.

“हाय तिथंच. पाय पसरून झोपलीय. आपल्याकडं कधी पाय पसरती का?”

मोठे बाबा बिडी पेटवायचे.

“तुमाला काय वाटत न्हाई?”

“मांजर हाय,” मोठे बाबा म्हणायचे.

घरी आली की खंडी खरंच पाय पसरत नव्हती. फ्रीजच्या मागं जाऊन बसायची. कुणी फरशीवर ताट ठेवलं तरी दचकायची. मोठ्या मायनं यावर स्वतःच्या अनुभवानं इलाज काढला. मेंढी भ्याली की तिला कळपाच्या मध्ये घालायचं, चारी अंगांना अंगं लागली की ती थंड होते. हे तिनं आयुष्यभर केलेलं. म्हणून तिनं मला हाक मारली, माझ्या धाकट्या बहिणीला छकुलीला, आणि गल्लीतली आणखी तीन पोरं गोळा केली. आम्ही गोल करून बसलो, मध्ये खंडी.

“लावा हात. सगळ्यांनी लावा. तिला वाटू द्या, आपली माणसं हायत म्हणून.”

सहा जणांचे बारा हात. खंडीचे डोळे सबंध काळे झाले, पिवळं काही उरलंच नाही. मग ती छकुलीच्या मनगटाला चावली आणि तिच्या डोक्यावरून उडी मारून गेली. छकुलीनं जो सूर लावला तो मी अजून करून दाखवू शकते, पण छकुली रागावते.

“कळप कमी पडला,” मोठी माय म्हणाली. पण मी पाहिलं, ती भिंतीकडंच बघत होती. खंडी कुठं गेली ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी तिनं पेटीतून घंटी काढली. बोराएवढी पितळी घंटी, कोकराच्या गळ्यातली, तिच्या बापाची, सुग्रीवआबांची. तिच्या लग्नात त्यांनी पाच मेंढ्या आंदण दिल्या, आणि एका कोकराच्या गळ्यात ही. कळपात एखादं भटकं जनावर असतंच, ते कुठं आहे ते आवाजावरून कळावं म्हणून त्याच्या गळ्यात घंटी. मोठ्या मायनं काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवून ती खंडीच्या गळ्यात बांधली.

“आता जाऊ दे कुठं जाती ती. मला घरात बसून कळंल.”

आणि कळायचं, हे खरं. खंडी पाणी प्याली की टिण. कान खाजवला की टिणटिणटिण. झोपेत कूस बदलली की एकच, अर्धवट, टि. मोठी माय चुलीजवळ बसून सांगत राहायची, जत्रेत कुस्तीचं सांगतात तसं: “आता भिंतीवर चढली. थांबली. आता उतरली. आता पुष्पीच्या दारात. आता, आता, आता गप झाली. झोपली बया तिथं.” आणि तव्यावरची भाकर करपायची.

मी हे बघून खूश. घंटीचे सगळे आवाज मी चार दिवसांत पाठ केले. न्हाणीच्या मागं उभं राहून भिंतीवर चढल्याचा आवाज जिभेनं काढला की मोठी माय घमेल्याकडं धावायची. दोनदा धावली. तिसऱ्यांदा तिनं मला पकडलं आणि माझा कान असा धरला की नक्कल तिथंच संपली.

महिन्याभरात खंडी वाळली. पोटावरचे केस चाटून चाटून तिनं काढून टाकले, तिथं तळहाताएवढं गुलाबी कातडं दिसायला लागलं. उंदीर तर सोडाच, तिला झुरळसुद्धा घावेना, कारण तिच्या आधी घंटी पोचायची. आणि एक दिवस तिनं गोरक्षनाथदादाच्या नव्या गादीवर मुतून ठेवलं. दोन वर्षांत कधी तिनं घरात असलं काही केलं नव्हतं.

“नजर हाय,” मोठी माय म्हणाली. “दुसरं काय न्हाई.”

“कुणाची?” माझ्या आईनं विचारलं, माहीत असून.

“जिला सोताचं जनावर न्हाई तिची.”

दिवे लागायच्या वेळी तिनं सात लाल मिरच्या, मीठ आणि मोहऱ्या मुठीत घेतल्या. मी खंडीला टॉवेलमध्ये गुंडाळून धरलेलं. मोठी माय ओवाळत म्हणाली, “आल्याची, गेल्याची, वाटंच्या वाटसराची,” आणि मग हनुवटी वर करून, भिंतीच्या पलीकडं जाईल अशा आवाजात, “आन् मशीनवालीची.” पलीकडं मशीन क्षणभर थांबलं. खर्रर्र नाही, टक नाही. मग परत सुरू झालं.

मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. नव्या घराला पत्र्याच्या फटी नाहीत, धूर जाणार कुठं. सगळे खोकायला लागले, मोठे बाबासुद्धा उठून बाहेर गेले. नजर असली की ठसका लागत नाही म्हणतात, आमचे तर डोळे सुजले. “ठसका लागला म्हंजी निम्मी उतरली,” मोठी माय खोकत म्हणाली. “उद्या परत.” खंडीनं टॉवेल फाडला, माझा हात फाडला आणि धुरातून निघून गेली, टिणटिणटिणटिण. तीन संध्याकाळ हे चाललं. चौथ्या संध्याकाळी खंडी मिरच्यांचा डबा उघडल्याच्या आवाजालाच पळाली, आणि रात्री जेवायलाही आली नाही.

मग मी आणि मोठी माय तिला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. बाजाराच्या पिशवीत खंडी, चेन अर्धी लावलेली, पिशवी माझ्या मांडीवर. रिक्षावाला सारखा मागं वळून बघत होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ताप बघितला, कान बघितले, दात बघितले, पोटावर हात ठेवला.

“आजार काही नाही, मावशी. तिला टेन्शन आहे.”

“टेन्शन?” मोठी माय म्हणाली. “ती काय दहावीला बसलीय?”

यंदा दहावीला मी आहे, आणि हे ती माझ्याकडं बघून म्हणाली, हे मला मुद्दाम सांगायला पाहिजे.

डॉक्टर हसले नाहीत. घरात काय बदललं ते त्यांनी विचारलं. मोठी माय म्हणाली, काही नाही. मी म्हणाले, घर. मग त्यांनी सावकाश समजावलं. भ्यालेलं मांजर म्हणजे मेंढी नाही, ते माणसांत येत नाही, ते उंच आणि एकटी जागा शोधतं. तिला अशी जागा द्या. मागं धावू नका, उचलू नका, धूर करू नका, खाणं रोज एका वेळेला एका जागी ठेवा. तिला यायचं तेव्हा ती येईल. “आणि ही घंटी आधी काढा,” ते म्हणाले. “तिचे कान आपल्यापेक्षा लई तिखट असतात. चोवीस तास कानाखाली वाजतंय ते.”

मोठ्या मायनं पिशवीची चेन ओढली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “डॉक्टरच्या बायकोचे ब्लाऊज कोण शिवतं, म्हाईत हाय का तुला?”

“पुष्पाबाई.”

“मंग.”

“मंग काय, मोठी माय? त्याचा काय संबंध?”

“तिनंच सांगितलं असंल त्याला, घंटी काढाय लावा म्हणून. घंटी काढली की ती कवा जाती, कवा येती, मला काय कळणार? बराबर बेत हाय तिचा.”

घंटी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला न्हाणीमागं नेलं. इकडं तिकडं बघून म्हणाली, “वर्षे, तुला सगळ्यांचे आवाज येत्यात न?”

“बहुतेकांचे.”

“मंग तिच्या आवाजात हाक मार.”

“कुणाच्या?”

“ए, उगी येड घेऊन पेडगावला जाऊ नको. पुष्पीच्या. खंडीला वाटू दे तीच बोलावून राह्यली. एकदा इकडं आली की मी बघते.”

हे बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. स्वतःच्या मांजराला दुसरीच्या आवाजात बोलवायला लागतंय, हे तिला किती लागलं असेल ते मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मला फक्त एवढंच दिसलं की कुणीतरी माझ्या कलेला पहिल्यांदा काम दिलंय. मी उड्या मारत पुष्पाबाईंकडं गेले, आवाज शिकायला. फाटका झंपर घेऊन गेले, शिवायचं निमित्त.

तीन दुपारी बसले. कान टवकारून बसले. खंडी यायची, दारात थांबायची, मशीनवर चढायची, तिथून खिडकीवर, तिथून कपाटावर. पुष्पाबाई वर बघायच्यासुद्धा नाहीत. नाव घेत नव्हत्या, चुचकारत नव्हत्या, जीभ वाजवत नव्हत्या. एकदा खंडी त्यांच्या पायाला अंग घासून गेली तर त्यांनी फक्त पाय मशीनच्या पायपट्टीवरून अलगद उचलला, ती गेल्यावर परत ठेवला. खर्रर्र, टक.

मी घरी येऊन मोठ्या मायला सांगितलं, “नक्कल होत न्हाई.”

“कामून? तुला तर कोंबड्याची बी येती.”

“ती हाकच मारत न्हाई गं. काय करू मी? तिचा आवाजच न्हाई.”

 त्या दिवशी मोठी माय जेवलीच नाही.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो प्रकार झाला. सकाळी मोठी माय ओट्यावर लसूण सोलत बसली होती आणि खंडी तिच्या समोरून भिंतीकडं गेली. आवाज न करता. मोठ्या मायनं आधी मान वर केली, मग तिला उमगलं की आपल्याला काहीच ऐकू आलं नाही. तिनं खंडीला पाठीला धरून उचललं, घंटी उलटी केली. घंटीच्या तोंडात निळी चिंधी कोंबलेली. ब्लाऊजच्या अस्तराची, सॅटिनची, कडेला कातरीचे दाते. खंडीनं हिसका दिला आणि भिंतीवरून पलीकडं गेली.

मोठ्या मायचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. घंटीत बोळा घालणं म्हणजे काय, ते आमच्या घरात लहान पोराला पण माहीत आहे. मेंढरं चोरायला आलेला चोर पहिलं काम हेच करतो. घंटीवाल्या जनावराला गाठतो, घंटीत गवत कोंबतो, मग मेंढरं हाकली तरी घंटी वाजत नाही, आणि धनगर झोपलेला राहतो. सुग्रीवआबांच्या बारा मेंढ्या अशाच गेल्या होत्या.

ती चप्पल न घालता गेली. मी मागं.

पुष्पाबाईंच्या खोलीत तेव्हा शाळेतल्या एक बाई मापाला उभ्या होत्या, हात आडवे पसरून. मोठी माय दारातूनच बोलली, आणि तिचं दारातलं बोलणं बसथांब्यापर्यंत जातं.

“चोर. माझ्या घंटीत बोळा घातला. चोर हायस तू, पुष्पे.”

शाळेच्या बाईंचे हात तसेच आडवे राहिले.

पुष्पाबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एक एक करून, उशीला टोचत. पाच निघाल्या. मग त्या बोलल्या, आणि त्यांचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बारीक आणि थोडा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा.

“मावशी, ती इथं आली की आधी गळ्याशी झटत बसायची. मागच्या पायानं दोरा ओढायची. कातडं लाल झाल्तं तिथं. घंटी काढावी म्हणलं, तर तुम्ही म्हणाल माझी वस्तू नेली. म्हणून काढली न्हाई. आवाज तेवढा बंद केला.”

“तुला कुणी सांगितलं बंद कराय?”

“कुणी न्हाई.”

“जनावर माझं हाय.”

“तुमचंच हाय की. मला तर मांजर आवडत बी न्हाई. केस लागत्यात गिऱ्हाइकाच्या कापडाला.”

मला वाटतं, चोरीची कबुली दिली असती तर मोठ्या मायला एवढं लागलं नसतं. जिच्यावर इतकं जळत बसली, तिला हे मांजर हवंसुद्धा नाही.  मग तिनं स्टूल ओढलं आणि गुडघ्यांसकट त्यावर चढली.

कपाटावर चिंध्यांत खंडी आडवी पडली होती. पाय पसरून, उघडं गुलाबी पोट वर, तोंड किंचित उघडं. इतक्यात झोप लागलेली. मोठ्या मायनं केसांतली पिन काढली आणि घंटीतला बोळा हळूच ओढून घेतला.

टि.

एवढाच आवाज झाला. खंडीचे डोळे उघडायच्या आधी कान मागं चिकटले. पाठीवरचं कातडं मानेपासून शेपटीपर्यंत थरथरत गेलं, पाण्यावर वारा जातो तसं. मग ती कपाट आणि भिंतीच्या फटीत शिरली आणि तिथं दबून बसली, डोळे सबंध काळे. मोठी माय तिच्यापासून वीतभर लांब होती. घरी तिला हे कधी दिसलं नव्हतं, कारण घरी खंडी कायम आधीच पळत असायची.

“लांडग्याचा वास आला की मेंढीचं कातडं असंच हालतं,” मोठी माय म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “मीच बांधला व्हय तिच्या गळ्यात लांडगा.”

तिनं फटीत हात घातला नाही. स्टुलावर तशीच उभी राहिली, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, शाळेच्या बाईंनी हात खाली घेऊन माप न देताच निघून जाण्याइतका. शेवटी खंडीनं मान थोडी पुढं काढली. मोठ्या मायनं दोन बोटांनी गाठ सैल केली, दोरा सोडला, घंटी मुठीत आवळून धरली म्हणजे वाजणार नाही, आणि खाली उतरली.

मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि पुष्पाबाईंना म्हणाली, “तू काय करतीस ते मला सांग.”

“काय न्हाई करत, मावशी.”

“काय न्हाई कसं करत्यात?”

पुष्पाबाईंनी थोडा विचार केला. “बसा इथं. कपाटाकडं पाठ करा. आन् वर बघू नका.”

मोठी माय पाठ करून बसली. पाव तास झाला नाही तोच मान वळायला लागली. पुष्पाबाईंनी तिच्या मांडीवर एक ब्लाऊज टाकला आणि हुकांची पुडी. “हे लावा.” तेव्हापासून मोठी माय रोज दुपारी तिथं हुक लावायला जाते. म्हणते, पुष्पीला मदत करते. घरी येऊन मात्र हिशेब सगळा ठेवते: आज तिच्या अंगावरून दोनदा गेली, माझ्या एकदाच. आज तिच्या पायाशी बसली. आज मशीनला अंग घासलं, मला न्हाई. मी म्हणाले, “मशीनवर बी जळतीस का आता?” तर म्हणाली, “तुला काय करायचं? तू हुक लाव.” मलाही आता हुक लावावे लागतात.

घरी तिनं काय काय केलं ते मात्र बघण्यासारखं होतं. मोठ्या बाबांकडून फ्रीजवरच्या भिंतीला लोखंडी अँगल ठोकून फळी बसवून घेतली. दादा फोनवर म्हणाला, “माय, नव्या भिंतीला भोकं नको पाडू.” ती म्हणाली, “पाडली,” आणि फोन ठेवला. फळीवर तिनं आपल्या घोंगडीचा एक तुकडा कापून अंथरला, ज्या घोंगडीला ती आम्हाला हात लावू देत नाही. दूध-भाकर सकाळी सातला, त्याच कोपऱ्यात, त्याच वाटीत. मिरच्यांचा डबा परसात नेऊन ठेवला. घमेलं मात्र मोठ्या बाबांनी स्वतःहून उचलून गोठ्यात टाकलं, त्याबद्दल ती दोन दिवस बोलली नाही.

सगळ्यात अवघड होतं हाक न मारणं. सातला वाटी ठेवून ती तोंडात पदराचं टोक धरून बसायची. खंडी भिंतीवर दिसली की पदर आणखी आत जायचा. मी समोर बसून बघायची, आणि खरं सांगते, तेव्हा मला तिची नक्कल करावीशी वाटली नाही.

फळीवर खंडी तेराव्या दिवशी चढली. पोटावर तोवर बारीक लव आली होती. आम्ही दोघी खाली शेंगा फोडत बसलो होतो, मोठी माय फळीकडं पाठ करून, मी तोंड करून. वर घोंगडीवर दोन गिरक्या झाल्या, पंजे चालवल्याचा सर्र सर्र आवाज झाला, आणि मग काहीच नाही. मोठ्या मायचे हात थांबले.

“बसली का?” तिनं हळूच विचारलं.

“हूं.”

“पाय पसरलेत?”

“एक पसरलाय.”

“कुणाकडं बघून राह्यली?”

खंडी तिच्याच पाठीकडं बघत होती, डोळे अर्धे मिटून, सावकाश उघडून. मी तसं सांगितलं.

मोठ्या मायनं एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “मंग तू कामून बघतीस तिच्याकडं? फिर तिकडं.”